सूट घ्यावी, पण पोती मोजून

पेंडीच्या दुकानात गेले की हे बोलणे तुमच्या कानावर पडतेच. "अण्णा, चाळीसच काय नेताय? साठ घ्या, पोत्यामागे वीस रुपये कमी लावतो. एकशेवीस उचलली तर तीस कमी!" आपण तिथेच बोटांवर हिशेब करतो. १२० पोती, प्रत्येकी ३० रुपये, म्हणजे एका झटक्यात ३,६०० रुपये वाचले. मग उसनेपासने करून पैसे उभे करायचे, गाडी भरायची आणि स्वस्तात माल आणला म्हणून घरात सांगायचे.

तीन हजार सहाशे वाचले, हे खरेच आहे. पण त्यासाठी गेले किती, हे कोणी विचारत नाही. कारण वाचलेला पैसा दुकानाच्या पावतीवर दिसतो, गेलेला पैसा कुठल्याच पावतीवर येत नाही. तो व्याजात जातो, उंदरांच्या पोटात जातो, बुरशीत जातो. दूधधंद्यात पेंडीचा खर्च सगळ्यात मोठा आणि नफा मात्र लिटरमागे मोजका. तेव्हा एका वेळी किती पोती आणावीत, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. चला, आज वही-पेन्सिल घेऊन बसू.

दोन खर्च, दोन तोंडे

माल आणण्यात दोन तऱ्हेचे खर्च असतात आणि त्यांची तोंडे उलट दिशांना असतात.

पहिला फेरीचा खर्च. गाडीभाडे, तालुक्याला जाण्यायेण्याचे पेट्रोल, मोडलेला अर्धा दिवस, चहापाणी. दहा पोती आणा की पन्नास, फेरी ती फेरीच. थोडी थोडी पोती आणली की फेऱ्या वाढतात आणि हा खर्च चढतो. हमाली यात धरू नका. ती पोत्यावर असते, फेरीवर नसते. वर्षभरात पोती तेवढीच लागणार, तेव्हा हमालीही तेवढीच.

दुसरा साठ्याचा खर्च. पोती घरात पडून राहिली म्हणजे आपला पैसाच पडून राहिला. त्यावर बँकेचे, पतसंस्थेचे नाही तर सावकाराचे व्याज चालू असते. स्वतःचा पैसा असला तरी तो दुसरीकडे कामाला आला असता. शिवाय उंदीर, ओल, फुटलेली पोती आणि अडलेली जागा. एकदम जास्त आणले की हा खर्च चढतो.

एक खर्च कमी करायला जावे तर दुसरा वाढतो. दोन्ही मिळून जिथे सर्वांत कमी होतात, तो आकडा आपल्याला हवा. या आकड्याचे सूत्र अमेरिकेतल्या फोर्ड हॅरिस नावाच्या अभियंत्याने १९१३ साली मांडले. (मोटारींचा फोर्ड तो वेगळा.) कारखान्यात एका वेळी किती सुटे भाग बनवावेत, या प्रश्नासाठी ते होते. पण गणिताला कारखाना काय नि गोठा काय!

दहा गाईंचा गोठा

उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

दहा दुभत्या गाई आहेत. गाईला शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो आणि लिटर दुधामागे साधारण ४०० ग्रॅम खुराक, हा ठोकताळा तुम्हाला ठाऊक आहे. (म्हशीला लिटरमागे ५०० ग्रॅम धरतात.) आठ लिटरच्या गाईला दिवसाला सुमारे ५ किलो लागले. दहा गाईंना ५० किलो, म्हणजे रोज एक पोते. वर्ष ३६० दिवसांचे धरू. वर्षाला ३६० पोती.

गोळी पेंडीचा भाव पोत्याला १,५०० रुपये. दुकानदार आपल्याच गाडीने माल पोचवतो आणि फेरीचे ४०० रुपये घेतो. तुमचा अर्धा दिवस, पेट्रोल वगैरे २०० रुपये. फेरीचा खर्च झाला ६०० रुपये.

आता साठ्याचा. पतसंस्थेचे व्याज १२ टक्के धरू, नासधूस आणि जागेपोटी ६ टक्के. एकूण १८ टक्के. एक पोते वर्षभर ठेवले तर १,५०० वर १८ टक्के म्हणजे २७० रुपये.

सूत्र असे. वर्षाची पोती गुणिले फेरीचा खर्च, त्याची दुप्पट करा. त्याला एका पोत्याच्या वर्षाच्या साठ्याच्या खर्चाने भागा. येईल त्याचे वर्गमूळ काढा. मोबाइलच्या गणनयंत्रात वर्गमुळाची खूण असते, ती दाबली की काम झाले.

३६० गुणिले ६०० म्हणजे २,१६,०००. दुप्पट ४,३२,०००. भागिले २७० म्हणजे १,६००. वर्गमूळ ४०. एका वेळी ४० पोती आणावीत.

ताळा करून बघा. ४० पोती म्हणजे वर्षाला ९ फेऱ्या, खर्च ५,४०० रुपये. घरात पहिल्या दिवशी ४० पोती, शेवटच्या दिवशी शून्य, म्हणजे सरासरी २०. त्यांचा साठ्याचा खर्च २० गुणिले २७०, तोही ५,४००. दोन्ही खर्च सारखे आले म्हणजे आकडा बरोबर. दोन्ही मिळून १०,८०० रुपये.

हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. ४० ऐवजी ३० आणली तर खर्च ११,२५० होतो, ५० आणली तर ११,०७०. वर्षाला फार तर साडेचारशे रुपयांचाच फरक. म्हणून थोडे इकडेतिकडे झाले तरी जिवाला लावून घेऊ नका. पण २० वर आलात तर १३,५०० खर्च होतो. तिथे मात्र झळ बसते.

आता सूट आणा हिशेबात

सूट आली की पोत्याचा भावही बदलतो. तेव्हा नुसते फेरी आणि साठा बघून चालत नाही. मालाची किंमत, फेऱ्या आणि साठा या तिन्हींची बेरीज करायची. १,४८० च्या भावाने सूत्र पुन्हा मांडले तरी उत्तर ४० च्या आसपासच येते. पण ४० पोत्यांना ती सूट मिळत नाही. म्हणून सूट जिथून सुरू होते त्या आकड्यावर, म्हणजे ६० वर, हिशेब करायचा. १२० चे तसेच.

४० पोती, भाव १,५०० : माल ५,४०,०००; फेऱ्या ५,४००; साठा ५,४००. एकूण ५,५०,८०० रुपये.

६० पोती, भाव १,४८० : माल ५,३२,८००, फेऱ्या ३,६००, साठा ७,९९२. एकूण ५,४४,३९२ रुपये.

१२० पोती, भाव १,४७० : माल ५,२९,२००, फेऱ्या १,८००, साठा १५,८७६. एकूण ५,४६,८७६ रुपये.

बघितलेत? साठ पोत्यांची सूट घेतली तर वर्षाला ६,४०८ रुपये वाचतात. ती जरूर घ्यावी. जो गडी "आपल्याला नको ती सूट" म्हणून चाळीसवरच अडून बसतो, तो पदरचे घालवतो. पण मोठी सूट म्हणून १२० उचलली, तर साठच्या मानाने वर्षाला २,४८४ रुपये जास्त जातात. सूट दहा रुपयांनी वाढली आणि आपण मात्र तोट्यात गेलो.

हा सगळा खेळ व्याजाच्या दराचा आहे. समजा पैसा शेकडा दोन रुपये महिन्याने उचलला. वर्षाचे २४ टक्के झाले, नासधुशीचे ६ मिळवा, झाले ३० टक्के. आता सूत्राने ३१ पोती येतात. ३० पोती आणत गेलात तर वर्षाचा एकूण खर्च ५,५३,९५० रुपये. सूट घेऊन ६० आणलीत तर ५,४९,७२०. आणि १२० आणलीत तर ५,५७,४६०! म्हणजे तीस रुपयांची सूट खिशात घालूनही, सूट न घेणाऱ्यापेक्षा तुम्ही ३,५१० रुपयांनी मागे. सावकाराच्या पैशावर सूट खाणे म्हणजे आवळा घेऊन कोहळा देणे.

उलट व्याज कमी असेल तर जास्त माल ठेवणे परवडते. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून पशुपालनालाही लागू झालेली आहे. पेंडीसाठी खेळते भांडवल हवे असेल तर आधी बँकेत चौकशी करा आणि तिथला दर घालून हाच हिशेब मांडा.

दुकानदाराशी बोलताना

हिशेब हातात असला की बोलण्याला जोर येतो. चार गोष्टी विचारूनच या.

एक. सूट सगळ्या पोत्यांवर की ठरावीक आकड्याच्या पुढच्या पोत्यांवर? "साठच्या वर वीस रुपये कमी" याचा अर्थ काही ठिकाणी एकसष्टाव्या पोत्यापासून कमी, असा असतो. मग ६० पोत्यांवर एक पैसाही सुटत नाही. १२० घेतली तरी निम्म्याच पोत्यांवर सूट, म्हणजे सरासरी १० रुपयेच. वरचा सगळा हिशेब सगळ्या पोत्यांना सूट धरून केलेला आहे.

दोन. "साठवर एक फुकट" अशी योजना असेल तर ती पोत्यामागे उतरवून बघा. ९०,००० रुपयांत ६१ पोती, म्हणजे पोते १,४७५ रुपये ४१ पैशांना पडले. सूट झाली सुमारे साडेचोवीस रुपये. वीस रुपयांच्या सुटीपेक्षा हे बरे.

तीन. १२० पोती कोणत्या भावाला परवडतील? आपल्या उदाहरणात ६० च्या बरोबरीला यायला १२० पोत्यांवर ३७ रुपये सूट हवी. दुकानदार ३० म्हणाला तर ३७ मागा. देत नसेल तर राम राम करून साठच भरा. आणि १२० पोती म्हणजे ६ टन माल. गाडीला दोन खेपा पडणार असतील तर दोन खेपांचे भाडे धरायला विसरू नका.

चार, आणि ही सर्वांत कामाची. भाव साठचा ठरवा, पण माल तीस-तीस करून उचला आणि पैसे माल उतरल्यावर द्या. हे दुकानदाराने मान्य केले तर वर्षाला १२ फेऱ्यांचे ७,२०० रुपये होतील, पण साठ्याचा खर्च ३,९९६ वर येईल. एकूण ५,४३,९९६. म्हणजे साठ एकदम आणण्यापेक्षाही ३९६ रुपये कमी, आणि घरात माल नेहमी ताजा. पैसा एकदम ८८,८०० उभा करावा लागत नाही, निम्म्यात भागते. दुधाचे बिल दहा-दहा दिवसांनी हातात येते. दहा दिवसांची पेंड आपल्या गोठ्याला पंधरा हजारांची लागते. बिलातून तेवढे बाजूला काढत गेलात तर कोणापुढे हात पसरायला नको. अट एवढीच की ठरलेला भाव बिलावर लिहून घ्या. तोंडी भाव दुसऱ्या खेपेला बदलतो.

पेंडीलाही वय असते

सूत्राला पावसाळा कळत नाही, तो आपल्यालाच कळायला हवा. लोखंडाचे खिळे चार महिने पडून राहिले तरी खिळेच राहतात. पेंडीचे तसे नाही. पशुखाद्याच्या भारतीय मानकात ओलावा जास्तीत जास्त ११ टक्के धरलेला आहे. आषाढ-श्रावणात गोठ्यालगतच्या खोलीत पोती पडून राहिली की ती दमट हवेतली ओल ओढतात. मग गोळी मऊ पडते, वास मारते, हिरवट-काळी बुरशी दिसू लागते.

बुरशीचे पोते म्हणजे नुसते दीड हजार रुपये गेले असे समजू नका. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. जनावर खाणे सोडते, दूध घटते, आणि त्या विषाचा अंश दुधात उतरतो. आपल्या देशात एक किलो दुधात त्याची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे, म्हणजे ग्रॅमच्या वीस लाखाव्या भागाइतकी. ते दूध आपल्या घरातली पोरेही पितात, हे ध्यानात असू द्या.

म्हणून पोत्यावरची तारीख आणि मुदत वाचा. सूत्राचे उत्तर काही येवो, मुदतीत संपेल त्यापेक्षा जास्त माल आणू नका. पावसाळ्यात महिनाभराच्या मालावर थांबलेले बरे. पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, आणि आधी आलेले पोते आधी फोडा. आणखी एक गोष्ट बायाबापड्यांना बरोबर माहीत असते. थप्पी मोठी असली की घमेले सैल हाताने भरले जाते. रोज अर्धा किलो जास्त पडले तरी वर्षाला साडेतीन पोती गेली.

फार कमी आणून चूल विझवून बसू नये, हेही खरे. दुकानदाराला माल पोचवायला चारपाच दिवस लागत असतील तर सात-आठ पोती उरली की निरोप धाडावा. सणासुदीला आणि पावसाच्या झडीत दोन पोती जास्तच हाताशी असावीत.

दोन गाईंवाल्याने काय करावे

इथवर वाचून दोन गाईंचा धनी म्हणेल, आम्हाला याचा काय उपयोग? त्यालाच जास्त आहे. दोन गाईंना वर्षाला ७२ पोती. सूत्राने एका वेळी १८ पोती येतात. गाई पाचव्या हिश्श्याने, पण पोती ४० च्या पाचव्या हिश्श्याने म्हणजे ८ नाहीत, १८! कारण फेरीचा खर्च त्यालाही ६०० रुपयेच पडतो. ती १८ पोती संपायला तीन महिने लागणार, म्हणजे पावसाळ्यात पंचाईत. सूट तर नाहीच. त्याचा वर्षाचा खर्च १,१२,८३० रुपये.

असे पाच जण एकत्र आले तर? पाच जणांची मिळून ३६० पोती, म्हणजे आपला दहा गाईंचाच गोठा. ६० पोत्यांची गाडी मागवावी, प्रत्येकाने १२ पोती उतरवून घ्यावीत, दोन महिन्यांनी पुन्हा. प्रत्येकाचा वर्षाचा खर्च येतो १,०८,८७८ रुपये. माणशी जवळजवळ ३,९५० रुपये वाचले. यासाठी ना कंपनी काढावी लागते ना नोंदणी. रोख पैसे आधी गोळा करायचे, गाडी समक्ष उतरवून घ्यायची आणि हिशेब त्याच संध्याकाळी मिटवायचा, हे तीन नियम पाळले की पुरे. उधारी शिरली की गट मोडला म्हणून समजा.

संस्था आणि ग्रामपंचायतीसाठी

दूध संस्थेचे सचिव, विकास सोसायटी, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कारभारी यांना तर हे गणित रोजच्या कामाचे आहे. वर्षाची मागणी एकदम सांगून भाव पाडायचा आणि माल गरजेप्रमाणे उचलायचा, ही त्यांची ताकद. आपल्याच उदाहरणात ३६० पोत्यांचा भाव १,४७० ठरला आणि माल ४०-४० करून आला, तर वर्षाचा खर्च ५,३९,८९२. साठ-साठ आणण्यापेक्षा ४,५०० रुपये कमी. संस्थेची पोती हजारांत असतात, तिथे फरकही त्याच मापाने वाढतो. गोदाम भरलेले दिसावे म्हणून माल आणू नये. भरलेले गोदाम म्हणजे सभासदांचा अडकलेला पैसा.

ग्रामपंचायतीत हाच प्रश्न टीसीएल पावडरीचा. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या, दमट जागी पोती पडली की तो उडून जातो. वर्षाची पावडर एकदम स्वस्तात घेतली आणि पाण्यात पडताना तिच्यात जोरच नसला, तर ती सूट गावाला गॅस्ट्रोच्या रूपाने फेडावी लागते. तिथेही भाव वर्षाचा ठरवा आणि माल दोन-तीन महिन्यांचा घ्या.

एक खबरदारी. हे सूत्र रोज सारखा खप असलेल्या मालाचे आहे. पेंड, कोंबडीखाद्य, टीसीएल यांना ते चालते. बियाणे आणि पेरणीचे खत एका हंगामात एकदाच लागते. तिथे वर्गमूळ काढत बसू नका. तिथे किती महिने आधी घ्यावे एवढाच हिशेब. महिन्याचे व्याज एका बाजूला आणि मिळणारी सूट दुसऱ्या बाजूला.

आता एवढे करा. मागच्या वर्षीच्या पेंडीच्या पावत्या काढा. किती पोती लागली, किती फेऱ्या झाल्या, फेरीला काय पडले आणि पैसा कोणत्या दराचा होता, हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर मांडा. तेवढे पान खिशात घालून पुढच्या वेळी दुकानात जा. मग शेठ कितीही गोड बोलले तरी पोती किती घ्यायची, ते तुमची वही सांगेल.